जुनी मिल, विडी घरकुल आणि नाही म्हणायची ताकद

समाजवाद विरुद्ध भांडवलशाही हा वाद आपल्याकडे कसा चालतो ते सगळ्यांना पाठ आहे. एकजण रशियाचं काय झालं म्हणून विचारतो, दुसरा अमेरिकेत दवाखान्याचं बिल किती येतं ते सांगतो, मग पहिला व्हेनेझुएला काढतो, दुसरा स्वीडन, आणि रात्री उशिरा कुणीतरी "चला झोपा बे, उद्या पाणी यायचा दिवस आहे" म्हणतं तेव्हा कुठे तो थांबतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ही सोय आहे, नाहीतर वाद सकाळपर्यंत चालला असता. गंमत अशी की दोन्ही बाजू शपथ घेतात व्यक्तिस्वातंत्र्याचीच. एकाला सरकारपासून स्वातंत्र्य पाहिजे, दुसऱ्याला मालकापासून.

माझं म्हणणं असं की यासाठी मॉस्को आणि न्यूयॉर्कला जायचं काही कारण नाही. खाजगी गिरण्या, सरकारने ताब्यात घेतलेली गिरणी, सहकारी साखर कारखाने, यंत्रमाग, घरोघरी वळल्या जाणाऱ्या विड्या, कम्युनिस्टांनी उभ्या केलेल्या वसाहती, हे सगळं आपल्या एका जिल्ह्यात झालंय, आणि त्यातून जे दिसतं ते दोन्ही पार्ट्यांना अडचणीचं आहे.

सुरुवात जुन्या मिलपासून करू. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, १८७० च्या दशकातली. ही गिरणी मालमत्तेच्या हक्काच्या निमित्ताने दोनदा सुप्रीम कोर्टात गेली आणि वकिलीच्या पोरांना देशभर ते खटले शिकवतात, पण सोलापुरात हे सांगितलं की लोक तोंडाकडे बघतात. झालं असं की १९४९ च्या जुलैत संचालकांनी कामगारांना नोटीस दिली आणि ऑगस्टच्या शेवटी गिरणी बंद केली. कारभार बिघडलेला, हजारो कामगार एका महिन्याच्या नोटिशीवर रस्त्यावर, कापडाची टंचाई. राज्यघटना लागू व्हायला थोडे दिवस असताना, जानेवारी १९५० मध्ये, केंद्र सरकारने अध्यादेश काढून कारभार हातात घेतला, एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. जुने संचालक घरी, सरकारचे संचालक आत, आणि भागधारकांनी काहीही ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीशिवाय त्याला किंमत शून्य.

एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९५० मध्ये तो हरला, पण तीन विरुद्ध दोन असा निकाल, म्हणजे न्यायमूर्तींचंसुद्धा एकमत नव्हतं. मग नव्या संचालकांनी एक पाऊल पुढे टाकलं, प्रेफरन्स शेअरवाल्यांकडे, म्हणजे ज्यांना लाभांश आधी मिळतो त्या भागधारकांकडे, प्रत्येक शेअरचे राहिलेले पन्नास रुपये मागितले. म्हणजे तुमचं दुकान मी चालवणार, गल्ल्यावर मी बसणार आणि माल भरायचे पैसे तेवढे तुम्ही आणून द्यायचे. त्यावर दुसरा भागधारक कोर्टात गेला, खालच्या कोर्टात हरला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, की बाबांनो कारभार असा पूर्ण काढून घेणं म्हणजे मालमत्ताच काढून घेणं, आणि भरपाई दिली नाही म्हणून हा कायदा घटनेत बसत नाही. संसदेला हे आवडलं नाही. हा निकाल आणि असेच आणखी काही निकाल डोळ्यासमोर ठेवून १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली, आणि भरपाई पुरेशी आहे का हे कोर्टाने विचारायचं नाही असं ठरलं.

आता यात बरोबर कोण? मी तरी कोर्टाच्या बाजूने आहे, पण मालकांच्या बाजूने नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. गिरणी बंद करायचं स्वातंत्र्य मालकाला होतं म्हणतात. होतं ना. पण ज्या माणसाने आयुष्यभर गिरणीतलं एकच खातं बघितलं त्याला गिरणी सोडून जायचं स्वातंत्र्य होतं म्हणणं हा कागदावरचा विनोद आहे. सरकारला हस्तक्षेप करावासा वाटला यात काही पाप नव्हतं. पाप हे की सरकारने ठरवलं, आपला हेतू चांगला आहे म्हणजे आपल्याला हिशोब द्यायची गरज नाही. आणि एक गोष्ट बघा, पहिल्या खटल्याच्या नावात एका बाजूला भागधारक आणि दुसऱ्या बाजूला भारत सरकार, दुसऱ्याच्या नावात भागधारक आणि कंपनी. ज्या कामगारांसाठी एवढं सगळं चाललंय असं सांगितलं गेलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही. खाजगी मालक असताना पण नाही आणि सरकारी मालक आल्यावर पण नाही.

पुढची गोष्ट तर अजून बोलकी आहे. मालमत्तेचा हक्क असा हळूहळू कुरतडत गेला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढूनच टाकला, आता तो कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उरलाय. हे सगळं जमीनदार आणि गिरणीमालक यांना वठणीवर आणायला चाललंय असं सांगत होते. पण श्रीमंत माणूस आपली मालमत्ता दहा मार्गांनी वाचवतो, त्याच्याकडे वकील असतो, मंत्र्याचा नंबर असतो. हक्क कमकुवत झाल्याचा खरा फटका दोन एकरवाल्याला बसतो. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना विचारा, किंवा आज शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा. जमीन घ्यायचे कायदे वेगळे आहेत, इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्यापासूनचे आहेत, २०१३ ला त्याच्या जागी नवा कायदा आला, ते सगळं मान्य. पण "सार्वजनिक हितासाठी" म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं ही जी सवय देशाला लागली तिची एक मुळी आपल्या जुन्या मिलमध्ये आहे. डाव्या मित्रांना हे पटत नाही. खाजगी मालमत्ता म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर बंगला येतो, मला दोन एकर जिरायत दिसते.

पण म्हणून बाजारवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवायचं कारण नाही, त्यांच्यासाठी सेटलमेंट आहे.

सोलापुरात राहणाऱ्याला सेटलमेंट भाग माहिती आहे, नाव कुठून आलं ते बऱ्याच जणांना माहिती नाही. इंग्रजांचा १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा, त्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायचे, परवानगीशिवाय बाहेर पडता यायचं नाही. मुंबई इलाख्यातली यातली एक मोठी वसाहत सोलापुरात होती. आणि सोलापुरातच का, तर इथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना कामगार लागत होते. कुंपणातली माणसं दिवसा गिरणीत काम करायची आणि परत कुंपणात. खाजगी कंपनी, नफ्यावर चालणारी, बाजारात कापड विकणारी, आणि तिच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा असलेला माणूस कैदी. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ ला, ही माणसं कायद्याने मोकळी झाली.

बाजाराचं तत्त्वज्ञान सांगणारे लोक म्हणतात की सौदा म्हणजे दोन राजीखुशीची माणसं. अर्थतज्ज्ञ हायेकने १९४४ मध्ये इशारा दिला की अर्थव्यवस्थेचं नियोजन सरकारच्या हातात गेलं की माणूस गुलामीच्या रस्त्याला लागतो, आणि रशिया, पूर्व जर्मनी बघितलं तर तो अगदी चुकला असं कुणी म्हणणार नाही, ज्या देशाला आपली माणसं पळून जाऊ नयेत म्हणून १९६१ ला भिंत बांधावी लागली त्याच्याबद्दल अजून काय बोलायचं. पण सेटलमेंट कुठल्या समाजवाद्याने बांधली नव्हती. गिरणीला सस्ता कामगार पाहिजे होता, सरकारला "उपद्रवी" माणूस नजरेखाली पाहिजे होता, दोघांचं जमलं. चिलीत १९७३ नंतर तेच झालं, बाजार खुला आणि विरोधक तुरुंगात. बाजार मोकळा झाला की माणूस आपोआप मोकळा होतो हे कुठल्याच इतिहासात लिहिलेलं नाही.

कुंपण गेलं, पण उचल आहे, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतं आणि मग ती फिटेपर्यंत त्याच्याशी बांधलं जातं. मध्ये आजारी पडलं, बाई बाळंत झाली, तरी हिशोब चालूच. यंत्रमागावर सुद्धा ॲडव्हान्सच्या बाकीमुळे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाता येत नाही अशी माणसं बघितलीत आपण. १९७४ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ नोझिकने मोठ्या हुशारीने मांडलं की प्रत्येकाने आपल्या मर्जीने व्यवहार केला असेल तर शेवटी जी काही विषमता होईल ती न्याय्यच मानावी लागेल. युक्तिवाद ऐकायला इतका सरळ आहे की उत्तर पटकन सुचत नाही. पण त्याला मी साधा प्रश्न विचारीन की उचल घेणाऱ्याने मर्जीने घेतली का? हो, अंगठा त्याचाच आहे. नाही म्हणाला असता तर काय खाल्लं असतं? इथे नोझिक गप्प.

आणि हाच माझा सगळा मुद्दा आहे. माणूस किती स्वतंत्र आहे ते बघायचं असेल तर तो कुणाला नाही म्हणू शकतो आणि नाही म्हटल्यावर त्याचं काय होतं ते बघा. मालकाला नाही म्हणता येतं का, सावकाराला, अधिकाऱ्याला, चेअरमनला, नवऱ्याला. इसाया बर्लिन या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये स्वातंत्र्याचे दोन प्रकार सांगितले, कुणी अडवू नये हे एक आणि आपलं आयुष्य आपण चालवता यावं हे दुसरं, आणि दुसऱ्याच्या नावाखाली हुकूमशाही येते अशी भीती घातली. भीती खरी आहे. पण विडी वळणाऱ्या बाईला कुणीच अडवत नाही, तिच्या दारात पोलीस नाही, कुंपण नाही, पहिल्या प्रकारचं स्वातंत्र्य तिला भरपूर आहे आणि त्याचा तिला काही उपयोग होत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन बघा. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचं, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, हजारावर मजुरी. परत नेऊन दिल्यावर तिथला माणूस त्यातल्या काही विड्या नापास करून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत, त्यावर दाद नाही. बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या, दोन-तीन पिढ्यांपूर्वी तेलंगणातून विणकामाला आलेल्या घरांतल्या. काम घरात, त्यामुळे मालक म्हणणार ही आमची कामगारच नाही. हे थांबवायला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आला, नंतर कल्याण निधी आला, पासबुक आलं. हे सगळं युनियनने रस्त्यावर भांडून मिळवलंय, आणि मिळाल्यावरसुद्धा कागदावरून हातात यायला परत मोर्चा काढावा लागतो.

याच बायकांमधून सोलापुरातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट झाली. आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार, आयुष्यभर लाल बावटा. त्यांनी काय केलं? कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी केली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते ती बायकांना मिळाली. मग असंघटित कामगारांसाठी रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी दिल्या. म्हणजे एक कम्युनिस्ट नेता, एक काँग्रेसचा पंतप्रधान, एक भाजपचा पंतप्रधान, आणि मधे हजारो घरांची मालकी. आमच्याकडे लोक यावर हसतात की बघा, कम्युनिस्टाने खाजगी मालमत्ता वाटली. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, मला वाटतं मास्तरांना मार्क्सपेक्षा पूर्व भाग जास्त कळला. भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी बाई ना मालकाशी भांडू शकते ना नवऱ्याशी. पंतप्रधान आवास योजनेच्या नियमाने घरावर बाईचं नाव लागतं. ज्या घरातून हाकलता येत नाही त्या घरात बसून विडी कारखान्याला दोन दिवस नाही म्हणता येतं, संपावर जाता येतं.

आता यात पैसा कुणाचा होता? केंद्राचा, राज्याचा, आणि उरलेला बायकांचा स्वतःचा, कर्ज काढून. जागा आणि आखणी सहकारी संस्थेची, बांधकाम ठेकेदाराचं. हे समाजवादात टाकायचं की भांडवलशाहीत ते तुम्हीच ठरवा, मला तो प्रश्न आता कंटाळवाणा वाटतो. कुंभारी शहरापासून लांब आहे, कामाला यायला-जायला वेळ आणि पैसा जातो, ही तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर घराच्या मालकीने मिळत नाही, बस लागते.

बाबासाहेबांनी हा पेच सगळ्यांच्या आधी धरला होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी अशी मागणी केली, कारण सांगितलं ते असं की बेकार माणसाला नोकरी आणि हक्क यातलं एक निवडायला लावलं तर तो हक्क सोडतो, आणि राज्याच्या नियंत्रणापासून स्वातंत्र्य म्हणजे खाजगी मालकाची हुकूमशाहीच. आणि हेच बाबासाहेब नोव्हेंबर १९४८ मध्ये, घटना समितीतल्या के. टी. शहांनी घटनेत समाजवादी शब्द घाला म्हटल्यावर, नको म्हणाले. समाजाची आर्थिक रचना कशी असावी ते त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, आपण आज त्यांना बांधून टाकलं तर ती लोकशाही नाही, असा त्यांचा मुद्दा. शेवटी तो शब्द घातला १९७६ ला, आणीबाणीत, विरोधी पक्षाचे लोक तुरुंगात असताना. समाजवाद घटनेत आला तेव्हा नाही म्हणायची सोयच बंद होती. बाबासाहेबांची १९४७ ची, शेती राज्याकडे द्यायची सूचना मला पटत नाही, तलाठ्याचा अनुभव असलेल्या कुणालाच पटणार नाही, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

शेतीचं म्हटलं तर शरद जोशींचं नाव घ्यावंच लागतं. 'शेतकऱ्याचं मरण हेच सरकारचं धोरण' ही त्यांची घोषणा, आणि कांद्याच्या बाबतीत ती आजही शब्दशः लागू आहे. फेब्रुवारी २०२३ ची बातमी आठवते का, बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोलापूरच्या मार्केट यार्डात ५१२ किलो कांदा विकला, हमाली, तोलाई, भाडं सगळं कापून हातात दोन रुपयांचा चेक पडला. भाव नव्हता, बाजार म्हणतो सॉरी. बरं, मग डिसेंबर २०२३ मध्ये भाव थोडा सुधारायला लागला तर सरकारने निर्यातबंदी घातली, मे २०२४ पर्यंत. पडला तर बाजार, चढला तर सरकार. पडत्या भावाचं भांडवलशाही तत्त्व आणि चढत्या भावाचं समाजवादी तत्त्व, दोन्ही एकाच माणसाला एकाच वर्षात लावायची ही कला फक्त आपल्या देशाला जमते.

उसाचं तसंच. एका साखर कारखान्यापासून दुसरा किती लांब पाहिजे याची अट आहे, केंद्राची १५ किलोमीटर, महाराष्ट्राने ती हवाई २५ केली. कारण काय तर सगळ्यांना ऊस पुरला पाहिजे. म्हणजे कारखान्याला ऊस मिळायची हमी, पण शेतकऱ्याला दुसरा कारखाना मिळायची नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, ते पैसे महिनोन्महिने थकतात, मग आंदोलन, मग साखर आयुक्तांची नोटीस. आणि हे सहकारीत पण होतं आणि खाजगीत पण. सहकारात सभासद मालक असतो हे वार्षिक सभेच्या दिवशी जेवणापुरतं खरं. तिथे उठून चेअरमनला प्रश्न विचारा, पुढच्या हंगामात तुमच्या फडात तोडणीची टोळी कधी येते बघा.

कुणी म्हणेल हे सगळं ठीक आहे, पण दुसरा पर्याय आहे ना, पुण्याला जाता येतं. खरंय. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सकाळी भरून जाते, १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी, आणि तिच्यात बसलेली पोरं बहुतेक आयटीत नाहीतर ऑटो कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. त्या पोरांचं गाव सोडायचं स्वातंत्र्य मी अजिबात हलकं समजत नाही, जातीच्या आणि घरच्यांच्या नजरेतून सुटायला शहरासारखं औषध नाही, आणि ते शहर बाजाराने उभं केलंय हे डाव्यांनी मोकळेपणाने मान्य करावं. पण पंचेचाळीस वर्षांची, बोटं झिजलेली, विडीशिवाय काही न शिकलेली बाई त्या गाडीत कुठे बसणार? तिच्यासाठी पर्याय गाडीने येत नाही, तो पेन्शनने, रेशनने आणि चालू असलेल्या सरकारी दवाखान्याने येतो. त्याला कर लागतो आणि तो चादर-टॉवेल विकून नफा कमावणाऱ्याकडूनच येणार, म्हणून त्याचा धंदा चालला पाहिजे आणि त्याला दर महिन्याला नवीन इन्स्पेक्टर भेटू नये हे पण तितकंच खरं.

तेव्हा मला कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी मागीन, कारखान्यातल्या अंतराची अट काढा आणि विडी कामगार बाईला जगता येईल एवढी पेन्शन द्या. पहिली मागणी शेतकरी संघटनेची मंडळी बऱ्याच वर्षांपासून करतायत, दुसरी लाल बावटा. एकमेकांच्या सभेला मात्र कुणी जात नाही.